कळणे आणि वळणे : मूत्रपिंडाचा ऱ्हास, पथ्य आणि उपदेशाच्या तीन रीती

१

‘कळते पण वळत नाही’ हा मराठीतील एक नित्याचा वाक्प्रयोग आहे. ज्ञान आणि आचरण यांच्यामध्ये जे अंतर असते ते इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोठे सांगितले गेले असेल. हे अंतर नीतिशास्त्राचा विषय आहे, तसाच साहित्यशास्त्राचाही आहे; कारण कळलेले वळावे कसे, उपदेश ऐकणाऱ्याच्या मनात उतरावा कसा, हा प्रश्न आपल्या आलंकारिकांनी काव्यप्रयोजनांच्या चर्चेत प्रत्यक्ष विचारलेला आहे. आज हाच प्रश्न वैद्यकापुढे मोठ्या निकडीने उभा आहे. मधुमेह आणि उच्च रक्तदाब जडलेल्या माणसाचे मूत्रपिंड हळूहळू निकामी होत जाते. तो ऱ्हास पुष्कळ अंशी मंदावता येतो, आणि तो कसा मंदावावा हे वैद्याला व रुग्णाला दोघांनाही बहुधा ठाऊक असते. तरीही पथ्य मोडते, गोळ्या थांबतात, तपासण्या राहून जातात.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांसमोर हा विषय मांडण्याचे प्रयोजन एवढेच की, येथे जे अडते ते औषधाच्या अभावी फार थोडे आणि संबोधनाच्या रीतीमुळे पुष्कळ अडते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. संबोधनाची रीत हा आपला विषय आहे. या लेखात प्रथम रोगाचे स्वरूप व त्यावरील उपाय सांगून, नंतर चरकाचा ‘प्रज्ञापराध’ आणि मम्मटाच्या उपदेशाच्या तीन रीती यांच्या आधारे वर्तनबदलाचा विचार करावयाचा आहे. उदाहरणे शक्य तेथे जयपूर व महाराष्ट्र या दोन परिचित प्रदेशांतून घेतली आहेत.

२

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याला जोडलेली नलिका. या गुच्छांमधून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सर्व शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर पडतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या गुच्छांच्या भिंती जाड व सच्छिद्र होतात. रक्तदाब चढलेला असला की त्याच भिंतींवर अधिक जोराचा आघात होत राहतो. जे नेफ्रॉन नष्ट होतात ते पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यांचे काम उरलेल्यांवर पडते, आणि त्या वाढीव भाराने तेही झिजतात. बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब आणखी वाढवते आणि वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड आणखी बिघडवतो. एकदा सुरू झालेला ऱ्हास स्वतःच स्वतःला गती देतो तो असा.

या विकाराची मोठी अडचण म्हणजे त्याचे मौन. निम्म्याहून अधिक कार्यशक्ती गेली तरी दुखत नाही, ताप येत नाही, लघवीही नेहमीसारखीच होते. पाय सुजणे, दम लागणे, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून रोगाचा पत्ता दोन साध्या तपासण्यांतूनच लागतो. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन क्रिएटिनिनच्या तुलनेत किती आहे ते पाहतात. दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर ते गेले तर गाळणी झिरपू लागली असे समजावे. दुसरी तपासणी रक्तातील क्रिएटिनिनची. तिच्यावरून गाळण्याचा वेग काढतात. हा वेग मिनिटाला ६० मिलिलिटरपेक्षा कमी असा तीन महिने राहिला, किंवा अल्ब्युमिन तितका काळ वाढलेले राहिले, तर त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. वेग १५ च्या खाली गेला की डायालिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा विचार करावा लागतो. मधुमेह्याने या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी करून घ्याव्यात, असा सर्वमान्य संकेत आहे.

व्याप्तीची कल्पना यावी म्हणून दोनच आकडे पुरेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले त्यांनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब चढलेला आहे. जयपूर शहरात डॉ. राजीव गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकापासून ‘जयपूर हार्ट वॉच’ या नावाने पाहण्यांची जी मालिका चालवली, तिने नागर राजस्थानातील रक्तदाब व तत्सम विकारांचे चित्र अभ्यासकांपुढे आणले. मधुमेह्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांना केव्हा ना केव्हा मूत्रपिंडाचा विकार गाठतो हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो.

३

ऱ्हास मंदावता येतो, हे विधान केवळ आशेपोटी केलेले नाही. डेन्मार्कमधील पार्व्हिंग व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, मधुमेह्यांचा रक्तदाब औषधांनी उतरवला असता मूत्रपिंडाच्या ऱ्हासाचा वेग निम्म्याहून कमी होतो. ब्रिटनमधील वीस वर्षांच्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यांनुसार साखर काटेकोर राखल्याने सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव २५ टक्क्यांनी आणि रक्तदाब काटेकोर राखल्याने ३७ टक्क्यांनी घटले. २००१ मध्ये लोसार्टन व इर्बेसार्टन या औषधांची, आणि २०१९-२० मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन व डापाग्लिफ्लोझिन यांची मूत्रपिंडरक्षक शक्ती सिद्ध झाली.

केवळ आचरणातील बदलाने काय साधते, याचेही उत्तर मिळाले आहे. अमेरिकेत पाच हजारांहून अधिक स्थूल मधुमेह्यांवर झालेल्या ‘लुक अहेड’ या प्रयोगात आहार व व्यायाम यांचे सातत्यपूर्ण मार्गदर्शन ज्यांना मिळाले, त्यांच्यात गंभीर मूत्रपिंडविकाराचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळले. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच प्रयोगाचा मुख्य हेतू हृदयविकार कमी करण्याचा होता, आणि तो मात्र सफल झाला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. आचरण हे सर्वरोगहर नव्हे. पण मूत्रपिंडापुरते ते निःसंशय उपकारक आहे.

आचरण म्हणजे नेमके काय, हेही सांगितले पाहिजे. दिवसाला एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. त्यात पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही मोजावयाचे. आठवड्याला दीडशे मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालणे. तंबाखू सर्व रूपांत वर्ज्य. प्रथिनांचा अतिरेक नको. विकार जडलेल्या व डायालिसिसवर नसलेल्या प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम पुरेत. गोळ्या नियमित घेणे, आणि रक्तदाब उतरला म्हणून त्या आपल्याच मनाने बंद न करणे. तो गोळ्यांमुळेच उतरलेला असतो. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, तसेच घटक माहीत नसलेली भस्मे व चूर्णेही. सैंधव हे शेवटी मीठच आहे. आणि बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असल्याने मूत्रपिंड दुबळे झालेल्यांनी ते वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नये. जयपूरच्या उन्हाळ्यात उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी आटले असता काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. तेव्हाही घरच्या घरी निर्णय न घेता तत्काळ विचारणे हेच पथ्य.

ही यादी अवघड नाही. कोणत्याही दवाखान्याच्या भिंतीवर ती टांगलेली आढळेल. आणि तरीही ती भिंतीवरून घरात येत नाही. ती का येत नाही, हे पाहण्यासाठी आता वैद्यकाच्याच एका जुन्या ग्रंथाकडे वळू.

४

चरकसंहितेत प्रमेहाचे वर्णन करताना एक लक्षणीय उपमा आली आहे. खाण्यावर लुब्ध असलेल्या, स्नान व चालणे यांचा कंटाळा करणाऱ्या माणसाकडे प्रमेह कसा येतो? पक्षी ज्याप्रमाणे आपले घरटे असलेल्या झाडाकडे सत्वर येतो, तसा. शास्त्रग्रंथातील उपमा केवळ शोभेसाठी नसते. रोग बाहेरून हल्ला करणारा शत्रू नव्हे, तर आपण त्याला घरटे बांधू दिले आहे, असा तिचा अभिप्राय आहे. जयपूरमध्ये १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद संस्थानात हे ग्रंथ आजही पाठ्यग्रंथ आहेत. आपण मात्र येथे त्यांच्याकडे चिकित्सेसाठी न पाहता मनुष्यस्वभावाच्या निरीक्षणासाठी पाहतो आहोत. इन्सुलिनचे काम इन्सुलिननेच करावयाचे असते.

चरकाने रोगांच्या मुळाशी ‘प्रज्ञापराध’ हे एक कारण मानले आहे, आणि त्याचे तीन भाग पाडले आहेत : धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश. धीभ्रंश म्हणजे हिताहिताची चुकीची समजूत. ‘मला काही होत नाही, म्हणजे मला काही झालेले नाही’ हा मूत्रपिंडविकारातील धीभ्रंश होय. धृतिभ्रंश म्हणजे समजूत असूनही विषयाकडे धावणाऱ्या मनाला आवरता न येणे. समोर आलेला मिठाईचा डबा परत न सारणे. स्मृतिभ्रंश म्हणजे जे जाणले होते ते ऐन वेळी न आठवणे. रात्रीची गोळी राहून जाणे. ‘कळते पण वळत नाही’ यातील ‘वळत नाही’ हे एकच नसून त्याचे निदान तीन प्रकार आहेत, असे या विभागणीवरून दिसते. ज्याचा स्मृतिभ्रंश आहे त्याला रोगाची भीती घालून उपयोग नाही. त्याची गोळी चहाच्या कपाजवळ ठेवणे हा उपाय. ज्याचा धृतिभ्रंश आहे त्याला आणखी माहिती देणे व्यर्थ. त्याच्यासमोरून डबा हलवणे हा उपाय. आपले आरोग्यशिक्षण मात्र तिघांनाही एकच व्याख्यान देते, आणि ते बहुधा धीभ्रंशावरचे असते.

चरकाचे दुसरे मार्मिक निरीक्षण सवय सोडण्याच्या क्रमाविषयी आहे. अहितकर सवय एकदम सोडू नये. पावापावाने सोडावी आणि त्याच क्रमाने हितकर सवय तिच्या जागी आणावी, असे सूत्रस्थानात सांगितले आहे. मिठाच्या बाबतीत हे आज शब्दशः खरे ठरते. जिभेची रुची काही आठवड्यांत नव्या मात्रेशी जुळते. मीठ हळूहळू उतरवले तर जेवणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही, आणि एकदम तोडले तर चौथ्या दिवशी डबी पुन्हा ताटाशेजारी येते. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण खोड एका दिवसात घालवू पाहणाऱ्यांच्या अनुभवातून आली असावी.

सुश्रुतानेही प्रमेहावर आचरणाचीच चिकित्सा सांगितली. निर्धन रुग्णाने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढत शंभर योजने चालावे. किंवा गाईंबरोबर हिंडावे. किंवा विहीर खणावी. यातली वैद्यकीय बाजू व्यायामाची. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी काही दिसेल. सुश्रुत ‘इतके चाला’ एवढेच सांगत नाही. तो रुग्णाला एक भूमिका देतो : परिव्राजकाची, गोपाळाची, विहीर खणणाऱ्याची. नुसती संख्या पाळणे कठीण. भूमिका पार पाडणे सोपे, कारण तिला लोकांत मान असतो आणि तिच्याभोवती एक गोष्ट असते.

५

येथून आपण काव्यशास्त्राकडे येतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पहिल्या उल्लासात काव्याची जी प्रयोजने सांगितली, त्यांत अशुभाचे निवारण हे एक आहे आणि त्यासाठी मयूर कवीचा दाखला आहे, सूर्यस्तुतीने तो व्याधीतून मुक्त झाला, अशी परंपरेची समजूत. त्या प्रयोजनापेक्षा आपल्याला येथे शेवटचे प्रयोजन महत्त्वाचे : उपदेश. मम्मट उपदेशाच्या तीन रीती सांगतो. वेदादी शास्त्रे प्रभूसारखी आज्ञा करतात; पुराणे व इतिहास मित्रासारखे समजावतात; काव्य कांतेसारखे रसाने वश करून वळवते. प्रभुसंमित, सुहृत्संमित आणि कांतासंमित अशी त्यांची रूढ नावे.

दवाखान्यातील भाषा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची असते. ‘मीठ बंद. साखर बंद. रोज चाला. नाहीतर डायालिसिस.’ हे अन्यायाचे आहे असे म्हणता येणार नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णामागे काही मिनिटेच मिळत असता आज्ञार्थाचा आश्रय घ्यावा लागतो. शिवाय काही प्रसंगी आज्ञाच हवी. ‘ही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही’ हे समजावत बसण्याचे कारण नाही. परंतु जे पुढची वीस वर्षे, दिवसातून तीनदा, वैद्याच्या दृष्टीआड करावयाचे आहे, ते आज्ञेने होत नाही. आपल्या महाकाव्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. अप्रिय पण पथ्य असे बोलणारे मारीच, बिभीषण, विदुर हे सर्व जण बरोबर होते, आणि ज्यांना ते बोलले त्यांच्यापाशी सर्वच अयशस्वी ठरले. धृतराष्ट्राला विदुराचे म्हणणे पटत नव्हते असे नाही. ते त्याला पटत असे आणि तो तेथेच थांबत असे. सत्य सांगितल्याने वक्त्याचे कर्तव्य संपते, पण श्रोत्याचे आचरण तेवढ्याने सुरू होत नाही.

दुसरी रीत मित्राची. तिचे आधुनिक शास्त्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मद्यासक्तांच्या संदर्भात मांडले, आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासह १९९१ मध्ये ग्रंथरूपाने विस्तारले. प्रेरक संवाद असे त्याला म्हणता येईल. त्याच सुमारास, १९८३ मध्येच, प्रोचास्का व डिक्लेमेंटी यांनी बदलाच्या पायऱ्या सांगितल्या : विचारही नसणे, विचार करणे, तयारी, कृती, आणि ती टिकवणे. कोण कोणत्या पायरीवर आहे हे पाहून बोलावे, हा त्याचा सारांश. प्रेरक संवादाचे मर्म असे की, बदलाची कारणे वैद्याने सांगावयाची नसून ती रुग्णाच्या तोंडून यावयास हवीत. एक कल्पित संवाद पाहू.

‘काका, जेवणातलं पापड-लोणचं कमी करणं तुम्हांला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा यांत कुठे ठेवाल?’

‘पाच म्हणा.’

‘पाच? दोन का नाही म्हणालात?’

‘तसं कसं? थोरल्या भावाचं डायालिसिस पाहिलंय मी. आठवड्यातून दोनदा जायचा. आला की दिवसभर पडून असायचा.’

‘तशी वेळ आपल्यावर येऊ नये असं तुम्हांला वाटतं.’

‘वाटणारच. पापड रोज नको, रविवारी खाईन. लोणचं मात्र एकदम सुटायचं नाही बरं का, डॉक्टर.’

‘पापडापासून सुरुवात करू या. लोणच्याचं पुढच्या वेळी बोलू.’

यातील खुबी ‘दोन का नाही’ या प्रश्नात आहे. ‘दहा का नाही’ असे विचारले असते तर काकांनी सबबी सांगितल्या असत्या आणि स्वतःच्याच मुखाने त्या पक्क्या केल्या असत्या. येथे मात्र त्यांनी स्वतःच कारण सांगितले, स्वतःच उपाय काढला, आणि तो पावाएवढाच काढला. ध्वनिसिद्धान्ताशी परिचित असलेल्यांना येथे व्यंजनेची आठवण होईल : अर्थ वक्त्याने उच्चारलेला नाही, तो श्रोत्याच्या मनात उमटला आहे. हे साम्य फार ताणू नये; पण जे स्वतः उमगते ते सांगितलेल्यापेक्षा खोल जाते, ही जाणीव दोन्हीकडे एकच आहे.

चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे भ्रमणध्वनीवर छोटे संदेश पाठवले गेले, आणि ते ज्याच्या त्याच्या बदलाच्या पायरीनुसार बेतलेले होते. ज्यांना संदेश मिळाले त्यांच्यात १८ टक्के लोकांना मधुमेह जडला. ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यात २७ टक्के लोकांना. औषधाचा एक कणही न देता, केवळ योग्य वेळी आलेल्या चार शब्दांनी हा फरक पडला. हा प्रयोग मधुमेह टाळण्याचा होता, मूत्रपिंडाचा नव्हे; तथापि जो मधुमेह टळला त्याचा मूत्रपिंडावरचा परिणामही टळला.

तिसरी रीत काव्याची. शास्त्र कडू औषधासारखे आणि काव्य गोड औषधासारखे, ही कल्पना भामह व कुंतक यांच्याकडे आहे. अश्वघोषाने ‘सौन्दरनन्दा’च्या शेवटी आपले काव्य मधात कालवलेल्या औषधासारखे असल्याचे सांगितले, आणि रोमन कवी लुक्रेशियसनेही पेल्याच्या काठाला मध लावण्याचा दाखला दिला. मधुमेह्यासाठी हा मध अर्थातच शब्दांचाच असावयास हवा. मराठीत याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. विषय हृदयाचा असला तरी प्रश्न तोच आहे : इतरांना आरोग्य शिकवणाऱ्या वैद्याला स्वतःच्या शरीराचे का कळले नाही, आणि कळल्यावर ते कसे वळले? हे पुस्तक असंख्य मराठी वाचकांच्या घरी पोहोचले, कारण त्यात वैद्य उंचावरून बोलत नाही; तो वाचकाच्या शेजारच्या खाटेवर आहे. मूत्रपिंडाच्या विकाराला असे कथन मिळणे अवघड, कारण त्याला छातीत उठणाऱ्या कळेसारखा नाट्यक्षण नाही. हृदयविकाराचे कथानक एका रात्रीत घडते, मूत्रपिंडाचे पंधरा वर्षांत, आणि तेही प्रयोगशाळेच्या कागदावर. त्या मौनाला भाषा देणे हे काम अजून व्हावयाचे आहे.

६

भाषेचा विचार करताना ती स्वतः पथ्याच्या आड कशी येते तेही पाहिले पाहिजे. जयपूरपासून पश्चिमेकडे सांभर सरोवर आहे. देशातील सर्वांत मोठे अंतर्गत खाऱ्या पाण्याचे सरोवर, आणि शतकानुशतके मिठाची खाण. मीठ आपल्या भाषांत केवळ पदार्थ नाही. ‘लावण्य’ हा शब्द ‘लवणा’पासून आला. आपण खाल्ल्या मिठाला जागतो. हिंदीत निष्ठावंत तो नमकहलाल. उलट ‘अळणी’ हे विशेषण स्वयंपाकापासून कवितेपर्यंत कशालाही लावले तरी निंदाच. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला ‘अळणी खा’ म्हणणे म्हणजे सौंदर्य, निष्ठा आणि रस या तिन्हींना एकाच वेळी मुकण्यास सांगणे होय. ‘मिठाऐवजी आमसूल, लिंबू, जिरे, ओवा यांनी चव आणा’ हा सल्ला केवळ पाकशास्त्राचा नव्हे. ‘अळणी’ या शब्दाचे ओझे तो उतरवतो.

गोडाचेही तसेच. मराठी घरात शुभवार्ता आली की तोंड गोड करावयाचे. संक्रांतीला तिळगूळ द्यावयाचा. जयपूरमध्ये तीजेला घेवर आणि पाहुण्याला दाल-बाटीबरोबर चुरमा. येथे नकार पदार्थाला नसतो, नात्याला असतो. निदान यजमानाला तसे वाटते. म्हणून ‘खाऊ नका’ एवढाच उपदेश रुग्णाला समाजातून बाहेर काढतो. नाते राखून पदार्थ सारता येईल असे वाक्य त्याला दिले पाहिजे : ‘वहिनी, एक कण घेतो, पण तुमच्या हातचा,’ असे म्हणता आले की मान राहतो आणि पथ्यही.

७

चरकाच्या धी-धृती-स्मृती या त्रयीत एक उणीव आहे, आणि तिचा उल्लेख केल्यावाचून हा विचार अपुरा राहील. प्रज्ञापराध हा शब्द दोष व्यक्तीच्या पदरी टाकतो. पण घरातले मीठ कोण घालते? पथ्य पुरुषाचे आणि स्वयंपाक स्त्रीचा, अशी विभागणी असलेल्या घरात रुग्णाशी केलेला उत्तम संवादही चुलीपर्यंत पोहोचत नाही. आणि जेव्हा रुग्ण ती स्त्रीच असते, तेव्हा तिच्यासाठी वेगळे पातेले कोण चढवते? वेगळे पातेले नकोच, सर्व घराचे मीठ पावाने उतरवावे, हा उपाय त्यातल्या त्यात न्याय्य. कारण पाच ग्रॅमची मर्यादा निरोगी माणसालाही लागू आहे.

तसेच, गोळी विकत घेण्याची ऐपत नसणे हा धृतिभ्रंश नव्हे. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ रोजी सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे देण्याची योजना सुरू झाली, आणि नियमित गोळी घेणे हे पुष्कळांच्या आवाक्यात आले. २०१७ मध्ये आरंभ झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. तेथील भर साध्या गोष्टींवर होता : ठरलेली औषधे, ती अखंड मिळणे, घराजवळच्या केंद्रात रक्तदाब मोजणे, आणि जो आला नाही त्याला पुन्हा बोलावणे. न आलेल्याला बोलावणे, हीही उपदेशाचीच एक रीत आहे, आणि कदाचित सर्वांत सुहृत्संमित.

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा : मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावण्याचे ज्ञान आज पुरेसे आहे, औषधेही आहेत, उणे आहे ते बोलण्याच्या रीतीत. आज्ञा, मैत्री आणि कथन या तिन्ही रीतींना आपापले स्थान आहे. तातडीचा धोका टाळण्यास आज्ञा, नित्याची सवय पालटण्यास मैत्री, आणि ज्या रोगाचे दुःख अद्याप दिसत नाही त्याचे भान येण्यास कथन. यांतील पहिलीचाच अतिवापर झाला आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी वैद्य व्हावे असे नाही. परंतु दवाखान्यातील पत्रके ज्या मराठीत, हिंदीत, राजस्थानीत लिहिली जातात ती भाषा रुग्णाच्या तोंडची आहे की भाषांतराची, हे आपण तपासू शकतो. ‘सोडियमचे सेवन मर्यादित ठेवावे’ आणि ‘ताटातली मिठाची डबी उचलून ठेवा’ या दोन वाक्यांतला फरक ओळखणे हाच तर आपला व्यवसाय आहे. डायालिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून दोन-तीनदा चार चार तास बसणाऱ्यांची, आणि तेथे जाण्याचे ज्यांनी लांबणीवर टाकले त्यांची कथने आपल्या भाषांत फार थोडी नोंदली गेली आहेत. ती गोळा करणे, त्यांचे वाचन करणे आणि त्यांतून उपदेशाची नवी रीत शोधणे हे काम विद्यापीठाच्या भाषा विभागांना शक्य आहे. पथ्याचा खरा अर्थ ‘वर्ज्य’ असा नसून ‘पथाला धरून असलेले’ असा आहे. वाट दाखवणाऱ्याने दोन पावले बरोबर चालावे, एवढीच अपेक्षा त्या शब्दातच अंतर्भूत आहे.